मोटारीचे चाक आणि हवेची ताकद : काँप्रेसर व ‘गन’ यांची निवड

गावापर्यंत पक्की सडक पोहोचली की तिच्या पाठोपाठ दोन व्यवसाय येतात. एक चहाचे हॉटेल आणि दुसरा पंक्चर काढण्याचे दुकान. पूर्वी अशा दुकानातील सामग्री म्हणजे एक जॅक, दोन-तीन टायर-लिव्हर, पाण्याने भरलेले घमेले आणि चाकाचा पाना एवढीच असे. आता तेवढ्यावर भागत नाही. मोटारी, टेंपो आणि मालवाहू गाड्या खेडोपाडी पोहोचल्या आहेत, ग्राहकाला थांबावयास वेळ नाही आणि कारागिरालाही दिवसभर पान्यावर उभे राहून नट सोडविणे परवडत नाही. यास्तव दाबलेल्या हवेवर चालणारा पाना आणि त्याला हवा पुरविणारा काँप्रेसर ही आता या व्यवसायाची आवश्यक साधने झाली आहेत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले तरुण स्वयंरोजगारासाठी कर्जाचे प्रस्ताव सादर करतात, तेव्हा त्यांस जोडलेल्या दरपत्रकात ‘काँप्रेसर एक, गन एक, पाइप एक’ अशी मोघम नोंद असते. प्रस्ताव तपासणारा अधिकारी बेरीज पाहतो, शिफारस करणारा पंचायत सदस्य तरुणाची होतकरू वृत्ती पाहतो. परंतु ही तीन साधने एकमेकांस जुळणारी आहेत किंवा नाहीत, हे बहुधा कोणीच पाहत नाही. मग यंत्रे येतात, उद्घाटन होते आणि पहिल्याच आठवड्यात असे आढळून येते की, एक चाक काढले की गन मलूल होते, कारागीर पुन्हा हातातला पाना घेतो आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू राहतो. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी निवडीचा क्रम तेवढा उलटा करावयास हवा. आधी काँप्रेसर घेऊन मग त्यावर काय चालेल ते पाहावयाचे नाही. तर आधी नट पाहावयाचा, त्यावरून गन, गनवरून हवा आणि हवेवरून काँप्रेसर व टाकी ठरवावयाची.

हवेने काम करून घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. युरोपातील आल्प्स पर्वताखालून काढलेल्या आणि १८७१ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या रेल्वे बोगद्यात दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे १८६१ पासून वापरली गेली. हवा भरलेल्या टायरचे डनलॉप यांचे पेटंट १८८८ चे. आपल्या राज्यात पुणे येथे किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली. विहिरीच्या खडकात सुरुंगाची भोके पाडण्यासाठी ट्रॅक्टरवर बसविलेला काँप्रेसर तर आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. चाकाच्या कामातही तेच तत्त्व आहे. फरक आहे तो मोजमापाचा.

नटापासून आरंभ

नट किती जोराने आवळलेला आहे, हे न्यूटन-मीटर या एककात मोजतात. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगले असता जेवढा पीळ बसतो, तो जवळजवळ १०० न्यूटन-मीटर होय. लहान व मध्यम मोटारींच्या चाकांचे नट साधारणतः ९० ते १२० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावयाचे असतात. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. जड मालमोटारी व बस यांच्या बाबतीत हा आकडा अनेकदा ५०० ते ७०० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. म्हणजे मोटारीचे चाक आणि मालमोटारीचे चाक ही दोन अगदी निराळी कामे आहेत. दोन्ही कामे एकाच सामग्रीत भागविण्याचा मोह धरला, तर पैसा वाया जातो किंवा काम अडते.

येथे दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आवळताना लागलेल्या जोरापेक्षा सोडविताना लागणारा जोर पुष्कळ अधिक असू शकतो. चिखल, गंज आणि आधीच्या कारागिराने बेसुमार आवळलेले आटे यांमुळे १०० न्यूटन-मीटरचा नट सोडविण्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट जोरही लागतो. गन निवडताना हा वाढीव जोर धरूनच विचार केला पाहिजे.

गन कशी चालते, कोणती घ्यावी

जमिनीत खुंटा हाताने कितीही दाबला तरी जात नाही. हातोड्याच्या घावांनी मात्र जातो. या गनचे तत्त्व हेच आहे. हवेच्या प्रवाहाने आतील चक्र वेगाने फिरते, त्याबरोबर फिरणारा लहानसा हातोडा नटाच्या दिशेने असलेल्या दांड्यावर एकामागून एक घाव घालतो आणि त्या घावांनी नट सैल होतो. जोर घावांच्या रूपाने लागत असल्यामुळे कारागिराच्या मनगटाला उलटा हिसका फारसा बसत नाही. साध्या लांब पान्याहून ही गन वेगळी ठरते ती येथेच.

गन तिच्या पुढील चौकोनी दांड्याच्या मापावरून ओळखतात. मोटारी, जीप व हलक्या गाड्या यांसाठी अर्धा इंची गन पुरेशी होते. मध्यम मालवाहू गाड्यांसाठी पाऊण इंची आणि जड मालमोटारी, बस यांसाठी एक इंची गन लागते. तीन-अष्टमांश इंची लहान गन स्वस्त व हलकी असते. तथापि ती इंजिनाच्या बारीक कामासाठी असून चाकासाठी तिच्यावर विसंबू नये.

गनबरोबर लागणारे सॉकेटही त्याच कामाचे हवेत. हातपान्याचे चकचकीत मुलामा दिलेले सॉकेट घावांखाली तडकून त्याचे तुकडे उडू शकतात. गनसाठी जाड, काळसर रंगाचे, घाव सहन करण्यासाठी बनविलेले सॉकेट मिळतात, तेच घ्यावेत. मोटारींसाठी बहुधा १७, १९ व २१ मिलिमीटर ही मापे लागतात. मिश्रधातूच्या चाकांसाठी बाहेरून प्लॅस्टिकचे वेष्टण असलेले सॉकेट वापरल्यास चाकावर ओरखडे उमटत नाहीत.

हवेचा हिशेब

बहुसंख्य गन दर चौरस इंचास ९० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६.३ किलो दाबावर चालतात. परंतु केवळ दाब पुरेसा नाही. त्या दाबाची हवा किती मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे. विहिरीला पाणी कितीही वर असले तरी झरा बारीक असेल तर पंप चालत नाही, तसेच हे आहे.

गनच्या माहितीपत्रकात हवेचा खप ‘मिनिटाला ४ ते ५ घनफूट’ असा लिहिलेला आढळतो. हा आकडा सरासरीचा असतो. गन मिनिटातील थोडाच वेळ चालेल, असे गृहीत धरून तो काढलेला असतो. घोडा सलग दाबून धरला असता त्याच गनला मिनिटाला २० घनफूट, म्हणजे सुमारे ५७० लिटर हवा लागू शकते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर येतात, हे गणित सोबत ठेवावे.

काँप्रेसरच्या पत्रकातही असाच एक सापळा आहे. दट्ट्या एका मिनिटात जेवढी जागा व्यापतो ते ‘विस्थापन’ आणि प्रत्यक्ष बाहेर पडते ती ‘मुक्त हवा’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लहान दट्ट्याच्या यंत्रात प्रत्यक्ष हवा ही विस्थापनाच्या साधारणतः ६५ ते ७५ टक्के असते. मिनिटाला २५० लिटर विस्थापन असलेले यंत्र प्रत्यक्षात १७० लिटरच्या आसपासच हवा देईल. म्हणून दरपत्रकात अश्वशक्ती व विस्थापन यांवर समाधान न मानता ‘कामाच्या दाबास प्रत्यक्ष मुक्त हवा किती’ हा आकडा लिहून घ्यावा.

टाकी हाच खरा आधार

गनला क्षणभर ५७० लिटरच्या वेगाने हवा हवी आणि लहान यंत्र तर १७० लिटरच देते. मग काम चालते कसे? टाकीमुळे. चाकाचे काम सलग नसते. एक नट सोडविण्यास गन चारेक सेकंदच चालते आणि मधल्या वेळात जॅक लावणे, चाक उतरविणे, टायर काढणे ही कामे होतात. त्या अवधीत काँप्रेसर टाकी भरून ठेवतो.

हिशेब करून पाहू. टाकीत दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब आहे आणि नळीतील घट धरून तो ७ किलोपर्यंत उतरेपर्यंत गन नीट चालते, असे समजू. म्हणजे ३ किलो दाबाची हवा कामी येते. टाकी ५० लिटरची असेल तर सुमारे १५० लिटर आणि १६० लिटरची असेल तर सुमारे ४८० लिटर हवा वापरता येते. गन मिनिटाला ५७० लिटर घेते आणि यंत्र त्याच वेळी १७० लिटर भर घालते, म्हणजे टाकीतून मिनिटाला ४०० लिटर जातात. या वेगाने ५० लिटरची टाकी अवघ्या २२ सेकंदांत, म्हणजे पाचएक नटांत रिकामी होते. १६० लिटरची टाकी मात्र ७२ सेकंद पुरते, म्हणजे चार नटांची चारही चाके, एकूण सोळा नट, त्यात सुटतात. पुढे सुमारे तीन मिनिटांत ती टाकी पुन्हा भरते.

दिवसाचा हिशेबही असाच पाहावा. तासाला दोन मोटारींची सर्व चाके काढून बसविली तरी गन प्रत्यक्षात चार-पाच मिनिटेच चालते. त्यात टायरमध्ये भरावयाची हवा मिळविली तरी काँप्रेसर तासातील निम्म्याहून कमी वेळ चालेल. दट्ट्याच्या यंत्राला थंड होण्यास अशी उसंत मिळणे आवश्यकच असते. तात्पर्य असे की, केवळ मोटारींचे काम करणाऱ्या दुकानाला मोठ्या अश्वशक्तीचे यंत्र व लहान टाकी घेण्यापेक्षा २ ते ३ अश्वशक्तीचे, १० किलोपर्यंत दाब देणारे यंत्र आणि १५० लिटर वा अधिक क्षमतेची टाकी घेणे शहाणपणाचे ठरते. मालमोटारींचे काम करावयाचे असल्यास मात्र एक इंची गन, ५ अश्वशक्ती किंवा अधिक शक्तीचे यंत्र आणि त्याच प्रमाणात मोठी टाकी असा वेगळाच संच घ्यावा लागेल.

नळी, पाणी आणि तेल

चांगली गन व चांगला काँप्रेसर यांच्यामध्ये बारीक नळी टाकली तर दोन्हींवरील खर्च व्यर्थ जातो. अर्धा इंची गनसाठी आतील व्यास १० मिलिमीटर असलेली रबरी नळी घ्यावी. ६ मिलिमीटरची नळी स्वस्त पडते. परंतु गन चालू होताच तीत दाब झपाट्याने उतरतो. एक इंची गनला १३ मिलिमीटर वा त्याहून मोठी नळी लागते. दाब पाहावयाचा तो घोडा दाबलेला असताना पाहावा. गन बंद असताना घड्याळात ९० पौंड दिसले म्हणून फसू नये. भिंतीवरून नेण्याच्या पाइपसाठी पाण्याचे साधे पीव्हीसी पाइप वापरू नयेत. दाबलेल्या हवेखाली ते फुटून त्याच्या चिंधड्या उडतात.

हवा दाबली की तीतील बाष्पाचे पाणी होते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दिवसाअखेर टाकीच्या तळाशी बरेच पाणी साचते. खालची तोटी रोज उघडून ते काढून टाकले नाही तर गन गंजते, आणि त्याहूनही वाईट म्हणजे टाकीचा पत्रा आतून खात जातो. टाकीनंतर पाणी वेगळे करणारी गाळणी व दाब नियंत्रक बसवावा. गनमध्ये हवेच्या तोंडातून रोज सकाळी हवेच्या हत्यारांसाठीच्या तेलाचे दोन-चार थेंब घालावेत. मात्र तेल सोडणारे उपकरण कायम बसविल्यास ते गनच्या शाखेवरच बसवावे. टायरमध्ये हवा भरण्याच्या शाखेत तेल जाता कामा नये.

विजेची तरतूद

दाबलेली हवा ही स्वस्त शक्ती नव्हे. काँप्रेसरला दिलेल्या शक्तीपैकी बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. हत्याराच्या टोकाला एक अश्वशक्ती मिळण्यासाठी यंत्राला सात-आठ अश्वशक्ती खर्चाव्या लागतात. म्हणून गळणारा सांधा म्हणजे बिलातली गळतीच होय. दुकान बंद करताना टाकी भरून ठेवावी आणि सकाळी काटा पाहावा. तो बराच उतरला असेल तर साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत.

लहान यंत्रे एकफेज जोडणीवर चालतात. ५ अश्वशक्ती व त्यापुढील यंत्रांसाठी त्रिफेज जोडणीचाच विचार करावा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. गावाच्या टोकाला विजेचा दाब कमी असेल तर मोटर नुसती घुमते आणि जळते. यंत्र खरेदी करण्यापूर्वीच दुकानाच्या जागी संध्याकाळच्या वेळी विजेचा दाब मोजून घ्यावा. योग्य जाडीची तार, अर्थिंग आणि अतिभाराने बंद पडणारा स्टार्टर यांचा खर्च दरपत्रकात सुरुवातीपासून धरावा.

शेवटची आवळणी हातानेच

गनच्या वेगाचा एक दोषही आहे. ती नट किती आवळला गेला हे सांगत नाही. घोडा दोन सेकंद अधिक दाबला तर १०० न्यूटन-मीटरच्या जागी त्याच्या कित्येक पट पीळ बसतो. मग स्टड ताणला जातो, आटे खराब होतात, ब्रेकची तबकडी वाकडी होण्याचा संभव निर्माण होतो आणि एखाद्या रात्री आडरस्त्यावर चाक बदलावयाची वेळ आलेल्या कुटुंबाला आपल्या पान्याने तो नट हलवितासुद्धा येत नाही. उलट नट कमी आवळला गेला तर धावत्या गाडीचे चाक निखळते. यास्तव नियम असा असावा : सोडविण्याचे काम गनने करावे, बसविताना नट प्रथम हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्यावा, गनने हलकेच टेकवावा आणि अखेरची आवळणी टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या नटांच्या क्रमाने करावी. ठरलेला पीळ बसताच हा पाना ‘टक्’ असा आवाज करून सूचना देतो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासून घेण्यास ग्राहकाला सांगावे. ज्या दरपत्रकात गन आहे. परंतु टॉर्क रेंच नाही, ते अपुरे समजावे.

आणखी काही पथ्ये जिवाशी निगडित आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. स्टँड लावावा व दुसऱ्या बाजूच्या चाकाला उटी लावावी. अनेक स्कूटर व रिक्षांच्या चाकाची रिम दोन भागांची असते. तिचे दोन भाग जोडणारे नट आणि चाक गाडीला धरून ठेवणारे नट वेगवेगळे असतात. टायरमधील हवा पूर्ण काढल्याशिवाय जोडाच्या नटांना हात लावू नये. मालमोटारीच्या कड्याच्या रिमचेही तसेच. काही जुन्या जड वाहनांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हेही गन लावण्यापूर्वी पाहावे.

काँप्रेसरच्या टाकीवर सुरक्षा झडप, दाबाचे घड्याळ व आपोआप बंद होणारा स्विच असलाच पाहिजे आणि पट्ट्यावर जाळी हवी. झडप बांधून ठेवणे किंवा गळक्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावून ती पुन्हा वापरणे म्हणजे दुकानात स्फोटक बाळगण्यासारखे आहे. जुनी टाकी विकत घेताना जाणकाराकडून तिची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी. गनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा ही चैन नव्हे. हवेने अंगावरील धूळ झाडण्याची सवय तर सर्वथा टाळावी.

बॅटरीवरील गनचा पर्याय

अलीकडे लिथियम बॅटरीवर चालणाऱ्या गन सहज मिळू लागल्या आहेत. अर्धा इंची चांगली गन मोटारीचे नट सोडविते आणि तिला नळी लागत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत जाऊन सेवा देणाऱ्या कारागिराला तीच सोयीची आहे. परंतु ज्या दुकानात टायरमध्ये हवा भरण्यासाठी काँप्रेसर घ्यावाच लागणार, तेथे हवेची गन हा तुलनेने लहान वाढीव खर्च आहे आणि बॅटरी बदलण्याचा पुढील खर्चही वाचतो. यांपैकी कोणतेही एक साधन श्रेष्ठ नाही. कामाचे स्वरूप काय, यावर निर्णय अवलंबून आहे.

दरपत्रक तपासताना

प्रस्ताव हाती आला की प्रथम विचारावे : कोणत्या गाड्यांची चाके काढावयाची आहेत? त्यानंतर गनचे माप, काँप्रेसरची प्रत्यक्ष मुक्त हवा, टाकीची लिटरमधील क्षमता, नळीचा आतील व्यास, गाळणी व नियंत्रक, घाव सोसणारे सॉकेट, टॉर्क रेंच, स्टँड, वीजजोडणी व अर्थिंग या बाबी एकेक करून पाहाव्यात. यांपैकी एखादी बाब गाळून बेरीज कमी दिसत असेल, तर ती काटकसर नव्हे. प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी वर दिलेला टाकीचा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर एकदा करवून घेतला, तर तो त्यांना जन्मभर उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीने व्यापारी गाळे बांधताना अशा दुकानासाठी वीज, वारा खेळण्यास जागा आणि पक्की सपाट फरशी यांची सोय ठेवावी.

तरुणाला कर्ज मंजूर करून देणे हे साहाय्याचे पहिले पाऊल आहे. त्या कर्जातून घेतलेली यंत्रे त्याच्या कामाला पुरी पडतील आणि त्याने बसविलेले चाक ग्राहकाला सुखरूप घरी नेईल, एवढे पाहिले तरच ते साहाय्य पुरे झाले असे म्हणता येईल.